हॉलवरच्या गच्चीवर डेक केला आणि आता हॉलमध्ये पाणी, कोबा फोडू की वरूनच कोटिंग मारू? (नाशिक)

गोदाकाठचा | ८ जुलै, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचक होतो, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

घर इंदिरानगरला, साधा बंगला, बाबांनी २००६ ला बांधलेला. खालचा हॉल वरच्या बेडरूमपेक्षा पुढे आलेला, त्यामुळे हॉलच्या पुढच्या भागावर वरच्या मजल्याची गच्ची, वीस बाय चौदा फुटाची. स्लॅबवर उतारासाठी कोबा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. इतक्या वर्षांत एक थेंब आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये लाकडी डेक, म्हणजे फ्रेमवर बसवलेली पट्ट्यांची जमीन, पाहिला आणि डोक्यात किडा गेला, बायको म्हणाली आपल्याकडे पण करू, मला तर आधीपासूनच करायचा होता पण घरात तिच्या नावावर खपवला. बाबा तेव्हाच म्हणाले होते की गच्चीला भोकं पाडायची नसतात. आम्ही हसलो.

फॅब्रिकेटरने एमएसच्या (लोखंडी) बॉक्स पाइपची फ्रेम केली, अँकर बोल्टने खाली ठोकली आणि वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या) पट्ट्या स्क्रू मारून बसवल्या. बेडरूमच्या दारातून पाऊल टाकलं की थेट डेक, मधे पायरी नाही, एकदम सलग, पाहुणे बघून वा म्हणतात. पहिला पावसाळा कोरडा गेला. यंदा मृगात काही नाही, पण गेल्या आठवड्यात दोन दिवस झड लागली आणि परवा रात्री जेवताना माझ्या ताटात टप्प. वर बघतो तर पंख्याच्या रॉडवरून पाणी उतरून पात्याच्या टोकाला थेंब लोंबतोय. आता पंख्याखाली पातेलं आहे, स्लॅबवर परातीएवढा डाग आहे आणि डागाच्या कडेला पांढरी पावडर धरलीये.

तीन जण येऊन बघून गेले. एक म्हणाला खालून इंजेक्शन मारू, एका दिवसात बंद. दुसरा म्हणाला वरून केमिकल मारू, दहा वर्षं गॅरंटी. तिसरा म्हणाला सगळं फोडा. तिघांचं फक्त एका गोष्टीवर एकमत होतं, ॲडव्हान्स.

मिसळ_तर्रीवाली | ८ जुलै, रात्री ११:३१

आधी त्या पंख्याची एमसीबी पाडा!! बाकी चर्चा नंतर. पाणी फॅन बॉक्समधून येतंय म्हणजे वायरच्या पाइपमध्ये शिरलंय. आमच्याकडे असंच झालं होतं तेव्हा ट्यूबलाइटच्या बटणाला झिणझिण्या यायच्या आणि सासूबाई म्हणायच्या थंडीमुळे होतं.

गोदाकाठचा | ८ जुलै, रात्री ११:४०

पाडली ताई. हे सुचलंच नव्हतं. धन्यवाद.

निवृत्त_ओव्हरसियर | ९ जुलै, सकाळी ६:०५

पैसे द्यायची घाई करू नका. आधी चार गोष्टी बघून सांगा. एक, पाऊस थांबल्यावर टपकणं किती वेळ चालू राहतं. दोन, नानी ट्रॅप (गच्चीचं पाणी बाहेर नेणारं जाळीचं तोंड) कुठे आहे आणि डेक न उचकटता तिथे हात पोचतो का. तीन, अँकर बोल्ट किती आणि किती लांबीचे. चार, बेडरूमची फरशी आणि बाहेरचं मोझॅक यांत उंचीचा फरक किती, डेकपासून नाही, मोझॅकपासून मोजा.

आणि रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा. आकडा हलला तर पाइपलाइन पण तपासायला लागेल, उगाच पावसाच्या माथी नको मारायला.

गोदाकाठचा | १० जुलै, रात्री ९:२०

काका, आज सुट्टी टाकून सगळं केलं. मीटर हलला नाही. पाऊस काल दुपारपासून उघडलाय तरी थेंब चालूच, फक्त हळू झालाय, मिनिटाला चार. नानी ट्रॅप पूर्वेच्या कोपऱ्यात, डेकच्या खाली, हात पोचत नाही, म्हणून तिथल्या चार पट्ट्या उघडल्या. काय सांगू, शेजारच्या कडुलिंबाचा पाला, एक फुटका रॉकेटचा दांडा, पोराचा हरवलेला बॉल आणि त्यावर हिरवा गाळ, जाळी दिसतच नव्हती. पाणी चार बोटं साचलेलं. हाताने गाळ काढला तर पाच मिनिटं घळघळ आवाज येत होता. दोन वर्षं आम्ही त्या पाण्यावर खुर्च्या टाकून चहा पीत होतो.

बोल्ट ३८, चार इंची. दाराचा फरक पावणेदोन इंच.

निवृत्त_ओव्हरसियर | ११ जुलै, सकाळी ६:२०

आता चित्र स्पष्ट झालं. सावकाश वाचा.

पाऊस थांबून दिवस उलटला तरी टपकतंय म्हणजे कोबा भरलाय. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल, वरचं मोझॅक हे त्याचं कातडं. कातडं शाबूत तोवर आत कोरडं. एकदा फाटलं की विटा पाणी पितात, आणि मग ऊन पडलं तरी ते पाणी वर यायला वाट नसते, ते खालीच उतरतं.

आता कातडं कुणी फाडलं? तुमच्या फॅब्रिकेटरने, ३८ ठिकाणी. त्यात गंमत अशी की कोब्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, उतार द्यायचा म्हणून दाराकडे पाच-सहा इंच आणि नानी ट्रॅपकडे दोन-अडीच. म्हणजे चार इंची बोल्ट दाराकडे कोब्यातच राहिला, पण ट्रॅपकडे कोबा पार करून थेट आरसीसी स्लॅबमध्ये गेला. आणि पाणी साचतं कुठे? ट्रॅपकडेच. सगळ्यात पातळ जागी सगळ्यात खोल भोकं आणि सगळ्यात जास्त पाणी. पहिल्या वर्षी बोल्टच्या भोवती मारलेलं सिलिकॉन टिकलं असणार. नाशकात उन्हाळ्यात चाळीस आणि थंडीत सात-आठ, उघड्या गच्चीचा पृष्ठभाग तर याहून जास्त तापतो आणि गार होतो. वीस फुटाचा स्लॅब तीस अंशाच्या फरकाने दोनेक मिलिमीटर लांब-आखूड होतो, लोखंडाच्या फ्रेमवर सावली वेगळी, ऊन वेगळं, ती वेगळी हलते. बोल्ट रोज भोकात किंचित डुलतो. सिलिकॉन किती दिवस धरणार.

डाग जिथे आहे तिथेच वर भोक असेल असं समजू नका. पाणी स्लॅबवर आडवं फिरतं आणि वायरच्या पाइपची वाट मिळाली की पंख्यातून बाहेर येतं.

तो इंजेक्शनवाला आहे त्याला आत्ता नाही म्हणा. खालून पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट, म्हणजे फटीत दाबून भरायचं रसायन, मारलं की ही वाट बंद होईल, पाणी वरच राहील आणि दुसरी वाट काढेल, शिवाय तोवर स्लॅबचं लोखंड भिजत राहणार. ते मलम आहे, अडीअडचणीला ठीक.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ११ जुलै, दुपारी २:१५

भो मी सांगतो, एवढं डोकं लावूच नका. शेततळ्याचा कागद आणा ५०० मायक्रॉनचा, गच्चीच्या मापाचा जोड मारून घ्या, अंथरा, कडा कठड्यावर चढवा, झालं. आमच्या तळ्यात तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल पाणी वर्षानुवर्षं धरून ठेवतो तो कागद, तुमच्या गच्चीवरचं चार बोटं पाणी काय चीज आहे. मी पॅकहाउसच्या स्लॅबवर टाकलाय, तीन पावसाळे झाले.

केमिकल_लोचा | ११ जुलै, संध्याकाळी ७:०२

भाऊ तुमची आयडिया हसण्यावारी नेण्यासारखी नाहीये, माल चांगलाच असतो, त्याला आयएस १५३५१ असं भारतीय मानक पण आहे. पण तळं आणि गच्ची यात फरक आहे. तळ्याचा कागद वर येऊन काठावर चर खोदून मातीत दाबतात, त्याला मधे दार नसतं, नानी ट्रॅप नसतो, कोपऱ्यात आडवा पिलर नसतो. गच्ची गळते ती मधल्या मैदानात क्वचित, गळते कडेला, दाराच्या उंबऱ्याला, पाइपच्या तोंडाला. कागद तिथेच चिकटत नाही.

दुसरं म्हणजे तो नुसता अंथरलेला असतो. एक खिळा टोचला की पाणी कागदाखाली शिरून सगळीकडे फिरणार आणि भोक कुठे पडलं ते ब्रह्मदेवाला पण सापडणार नाही. स्लॅबला पूर्ण चिकटलेला थर असेल तर पाणी भोकाच्या आसपासच राहतं, दुरुस्ती सोपी. मी अंबडला याच धंद्यात आहे, कंपनीचं नाव घेत नाही म्हणजे जाहिरात वाटायला नको.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ११ जुलै, संध्याकाळी ७:३०

मान्य. पण माझं पॅकहाउस गळत नाही हे पण मान्य करा.

केमिकल_लोचा | ११ जुलै, संध्याकाळी ७:३३

केलं भो.

सिडकोकर | ११ जुलै, रात्री १०:४८

धागा हायजॅक करतोय माफी. माझा फ्लॅट आहे, माझ्या वरच्या फ्लॅटला लागून टेरेस आहे आणि ती माझ्या बेडरूमच्या डोक्यावर येते. त्यांनी पण असाच डेक केलाय आणि माझ्या वॉर्डरोबच्या मागे बुरशी. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा, वरचे म्हणतात बिल्डरचं काम. मी कुणाच्या दारात बसू?

वकिलीणबाई | १२ जुलै, सकाळी ८:१०

थोडक्यात सांगते. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याचं कलम १४(३) बघा, बांधकामातला दोष कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं उलटली असतील तर सोसायटीचे उपविधी काढा, आदर्श उपविधींमध्ये पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या दुरुस्तीत धरलेली आहे. पण वरच्यांनी स्वतः भोकं पाडली असतील तर बिल्डर आणि सोसायटी दोघंही तिकडेच बोट दाखवणार, म्हणून डेकचे आणि बोल्टचे फोटो तारखेसकट आधी घेऊन ठेवा. आणि सगळं लेखी द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडू नका.

सिडकोकर | १२ जुलै, सकाळी ८:१४

ग्रुपवर ऑलरेडी भांडून झालंय ताई.

गोदाकाठचा | १३ जुलै, रात्री १०:५५

अपडेट. काकांनी फोनवर सांगितलं तसं (हो, नंबर घेतला, आता आम्ही रोज बोलतो) गच्चीचे तीन भाग पाडून पाण्याची चाचणी केली. पाऊस उघडलेलाच होता. सगळा डेक काढला, पट्ट्या नंबर टाकून गॅरेजमध्ये रचल्या, फ्रेम कापून काढली, फोडायचंच तर आहे म्हणून बोल्टसुद्धा तसेच मुंडकी उडवून ठेवले. मग माल कालवून दोन इंची पाळ घातली, ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने बंद केलं आणि एका वेळी एकच भाग भरला. पाण्यात कपड्याची नीळ टाकली होती, मोठा शेरलॉक झाल्यासारखं वाटत होतं.

ट्रॅपचा भाग: अडीच तासात पंख्यातून थेंब वाढले. मिनिटाला चारचे चौदा. मधला भाग: फरक नाही. दाराचा भाग: बारा तास काही नाही, मी खुश, मग बायकोने बेडरूममधली चटई उचलली तर दाराच्या चौकटीच्या आत फरशीचे सांधे ओले. म्हणजे पाणी उंबऱ्याखालून आत बेडरूमकडे पण येतंय आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

निळं पाणी काही आलं नाही, स्वच्छ नितळ थेंब. काका म्हणाले कोब्यात आधीचंच इतकं पाणी आहे की तुझी नीळ दिवाळीला येईल.

आणि एक. बाबांनी काल शिडी लावून डागाची कड पेन्सिलने आखली आणि शेजारी तारीख लिहिली. आज डाग रेषेच्या दोन बोटं बाहेर. तिकडे रामकुंडावर लोक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघून पुराचा अंदाज घेतात, इकडे आमच्या हॉलमध्ये बाबांचा मारुती.

केमिकल_लोचा | १४ जुलै, सकाळी ११:२०

उंबऱ्याचं उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. "एकदम सलग". मोझॅक आणि आतली फरशी यात फक्त पावणेदोन इंच, ट्रॅप तुंबून चार बोटं पाणी साचलं की ते आत येणारच. डेक सलग दिसू दे हो, पण डेकच्या खालचा वॉटरप्रूफिंगचा थर आतल्या फरशीपेक्षा किमान चार इंच खाली पाहिजे, सहा असेल तर सोनं.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत, कोबा फोडू नका, भोकं भरा, मोझॅक घासून वर पीयूचे दोन कोट मारा. निम्म्या पैशात होईल.

निवृत्त_ओव्हरसियर | १४ जुलै, दुपारी १:००

असहमत. कोबा पाणी पिऊन बसलाय. वरून रबरासारखा थर मारलात की एप्रिलच्या उन्हात आतलं पाणी वाफ होऊन वर ढकलणार आणि पापडासारखे फुगे येणार. आणि वाफेला वर वाट नाही म्हणजे उरलेलं खाली हॉलमध्येच. शिवाय दाराकडे चार इंच कुठून आणणार? कोबा काढल्याशिवाय उंची मिळत नाही. त्याचं वजन पण बघा, सरासरी साडेचार इंचाचा कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर, २६ चौरस मीटरला पाच टनांहून जास्त. हे ओझं त्या स्लॅबच्या डोक्यावरून उतरेल.

केमिकल_लोचा | १४ जुलै, दुपारी १:४५

काका, फुग्यांचं बरोबर आहे, पण ते ओल्यावर मारलं तर. कोरडा करून मारायचा. दीड बाय दीड फुटाचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून सोळा तास ठेवायचं, खालच्या बाजूला दव धरलं नाही तर पीयू मारायला हरकत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर | १४ जुलै, दुपारी २:१०

प्लास्टिक चाचणी वरचा इंचभर सांगते. चार इंच खालची वीट काय म्हणते ते नाही सांगत. हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथे मोझॅक सुटलंय.

गोदाकाठचा | १४ जुलै, रात्री ९:३०

ठोकून पाहिलं. ट्रॅपकडचा अर्धा भाग ठकठक नाही, ढबढब वाजतो.

केमिकल_लोचा | १४ जुलै, रात्री ९:४१

मग मी माघार घेतो. फोडा. पण आत्ता नाही. पावसात फोडलंत तर उघडा स्लॅब भिजेल. तोवर ताडपत्री, आणि ती सपाट अंथरू नका, मधे बांबू टाकून उतार करा, नाहीतर ताडपत्रीवर तळं होईल आणि पिंपळगावकर कौतुक करतील.

वाळवणवाली | १५ जुलै, दुपारी ४:००

मला तांत्रिक कळत नाही पण माझ्या माहेरी येवल्याकडे धाब्याचं घर होतं, मातीचं छप्पर. दर वर्षी मृगाच्या आधी आजोबा गाडीभर पांढरी माती आणून वर पसरायचे, पन्हळी साफ करायचे आणि धाब्यावर कुणी खुंटी ठोकलेली त्यांना चालत नसे. गळायचं नाही असं नाही, पण वर्षातून एकदा कुणीतरी वर जायचंच. तुम्ही तर वर जायची वाटच स्क्रूने बंद केली होती.

गोदाकाठचा | २२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. सात महिने पातेलं आणि ताडपत्री यांच्याशी संसार केला, आता काम चालू झालंय, खूप जणांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) विचारलं म्हणून एकत्र लिहितो.

फोडणारा ब्रेकर मशीन घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं, काकांची सक्त ताकीद होती की मशीनच्या हादऱ्याने जुन्या स्लॅबला तडे जातात, छन्नी-हातोडाच पाहिजे. दोन माणसं, साडेचार दिवस. ट्रॅपकडचा कोबा निघाला तेव्हा विटांचे तुकडे फेब्रुवारीत पण ओले होते, हातात दाबला तर भुगा, एकाला फिकट निळी छटा! काका, नीळ सापडली.

खाली स्लॅबमध्ये ११ भोकं मिळाली. दोन ठिकाणी सळई गंजून फुगली होती, तिथलं काँक्रीट ठोकून काढलं, सळई वायरब्रशने पांढरी केली, गंजरोधक लावलं, पॉलिमरचा माल भरला. भोकं नॉन-श्रिंक (वाळल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने भरली. नानी ट्रॅपचा पाइप हाताने हलत होता, म्हणजे स्लॅब आणि पाइपच्या मधे बोटभर फट, वीस वर्षं वरच्या कोब्याने झाकलेली. तो काढून नवीन चार इंची बसवला, आणि कठड्यातून एक जास्तीचा ओव्हरफ्लो पाइप काढला, दाराच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे ट्रॅप परत तुंबला तरी पाणी घरात न येता बागेत पडेल आणि आम्हाला खालून दिसेल.

उतार शंभराला एक धरला, चौदा फुटात साधारण पावणेदोन इंच. भिंत आणि स्लॅबच्या कोनात दोन इंची वाटा (मालाची गोलाई) भरल्या, काटकोन ठेवला की थर तिथेच फाटतो म्हणे. मग वाटांवर फायबरची जाळी दाबून सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, ते पृष्ठभाग ओलसर असताना मारायचं असतं, आणि ते पूर्ण वाळल्यावर पीयूचे दोन कोट, ते कोरड्यावर. आमचा माणूस उलटं करायला निघाला होता. कठड्यावर फूटभर वर चढवलं, पाइपच्या तोंडात पण आतपर्यंत, दाराची चौकट काढून उंबऱ्याखालून घेतलं. पीयू फक्त सकाळी दहाच्या आत आणि पाचनंतर, दुपारी नाही.

काल संध्याकाळी पाणी भरलं. चार इंच, ७२ तास.

मिसळ_तर्रीवाली | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

चार इंच पाणी म्हणजे किती वजन झालं? स्लॅब पडायचा नाही ना?

निवृत्त_ओव्हरसियर | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:००

चौरस मीटरला शंभर किलो. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये दीडशे किलोचा भार धरलेला असतो. शिवाय कोब्याचे पाच टन उतरलेत. निवांत झोपा.

गोदाकाठचा | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

७२ तास पूर्ण. बाबा तीन रात्री हॉलमध्येच झोपले, बॅटरी उशाशी. कोरडं!!! पेन्सिलीची रेघ जिथे होती तिथेच.

पाथर्डीफाटा | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

अभिनंदन! पण आता डेक परत कसा बसवणार? बोल्ट नाही तर उडून नाही का जाणार वाऱ्याने?

केमिकल_लोचा | २५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

पेडेस्टल मिळतात प्लास्टिकचे, स्क्रूसारखे फिरवून उंची कमीजास्त करता येते, नुसते ठेवायचे. पण पीयूवर थेट ठेवू नका, आधी जिओटेक्स्टाइल (जाड कापडासारखा थर) अंथरा, त्यावर दीड इंची संरक्षक माल, मग पेडेस्टल. उडण्याचं म्हणाल तर तिन्ही बाजूंना भरीव कठडा आहे, सगळी फ्रेम एकमेकांत जोडलेली असली की तिचं वजनच पुरतं. कठडा नसलेल्या उघड्या डेकला मात्र हा हिशोब चालत नाही, तिथे अभियंत्याला विचारा.

एक महत्त्वाचं. फ्रेमच्या खालच्या पट्ट्या उताराच्या दिशेने टाका, आडव्या नको. आडव्या टाकल्यात तर प्रत्येक पट्टीमागे एक छोटं धरण. आणि डब्ल्यूपीसी उन्हाने लांब होतं, भिंतीपाशी बोटभर फट सोडा.

गोदाकाठचा | १९ मार्च, रात्री ९:००

झाला डेक. जुन्याच पट्ट्या वापरल्या, बारा वाया गेल्या. एकही बोल्ट नाही. दोन बाय दोन फुटाचे चौकोन केलेत, कुठलाही चौकोन दोन माणसं उचलू शकतात, ट्रॅपवरचा तर मुलगा एकटा उचलतो. सलग मात्र राहिला नाही, दारातून एक पायरी उतरावं लागतं. बायको म्हणते पायरीच छान वाटते, आता हे तिचं खरं मत आहे की माझी समजूत, माहीत नाही.

खर्च, सगळे विचारतात म्हणून: फोडणं, राडारोडा, दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, वरचा माल आणि पेडेस्टल धरून एक लाख ऐंशी हजार. पहिला डेक एक लाख दहाचा होता. वॉटरप्रूफिंगवाल्याने गॅरंटी कार्ड दिलंय, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, "छिद्र पाडल्यास हमी रद्द". बाबांनी ते लॅमिनेट करून गच्चीच्या दाराला आतून लावलंय.

सिडकोकर | १९ मार्च, रात्री ९:२५

माझी बुरशी अजून तशीच आहे. सोसायटीने समिती नेमलीये.

द्राक्षवाला_पिंपळगाव | १९ मार्च, रात्री ९:५०

कागद टाका भो.

गोदाकाठचा | २७ जुलै, रात्री ११:३०

दोन दिवस झोडपलं, धरणातून विसर्ग चालू आहे, गोदेला पाणी चढलंय. दर रविवारी ट्रॅपवरचा चौकोन उचलून पाला काढायचं काम मुलाकडे, पाच रुपये मजुरी. हॉल कोरडा. पंखा चालू. पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं, आज त्यातच खिचडी होती.

काल रंगारी आला होता, स्लॅबला पुट्टी मारून डाग झाकायचा म्हणून. बाबांनी त्याला शिडीवर चढू दिलं नाही. पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या नाहीत, हत्तीचा पाऊस पण बघायचाय म्हणे.